तार खालीच राहील

टेकचंद,

रविवारी, रेडिओवर रोज सकाळी आपण सगळे जमतो त्या नेटवर, नेट चालवणाऱ्या नागपूरच्या म्हातारबुवांनी हजेरी घेताना तुझं नाव घेतलं आणि पुढे म्हणाले, 'सायलेंट की'. आपल्या हॅम रेडिओवाल्यांत गेलेल्या माणसाला असंच म्हणतात, चावी गप्प झाली. सगळ्यांनी एक मिनिट शांत राहायचं ठरलं. मी राहिलो नाही. मी माइकचं बटण दाबलं आणि म्हणालो, की टेकचंद एक मिनिट गप्प बसलेला तुमच्यापैकी कुणी कधी ऐकलाय का? मग त्याच्यासाठी आपण कशाला गप्प बसायचं? म्हातारबुवा खाकरले आणि पुढच्या माणसाकडे वळले. राग आला असेल त्यांना. येऊ दे.

त्याच दुपारी तुझ्या मोठ्या भावाचा फोन आला. तेरवीला या, आणि आलात की त्याच्या रेडिओची ती तार न् तो पाइप उतरवून द्या, म्हणाले. दुसऱ्या कुणाला त्यातलं समजत नाही म्हणे. मी फक्त येतो म्हणालो. तेरवीहून येऊन मला आता तीन दिवस झाले. डोक्यातला राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा तुझ्यावरच आहे. म्हणून हे लिहून राहिलो.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास ते नव्व्याण्णव साल. गोंदियाच्या बाजारात माझं बिजलीच्या सामानाचं दुकान, गिऱ्हाईक येतं ते 'भैया, एक होल्डर देना' म्हणत. तू आलास तो थेट काउंटरच्या आत. तारेचं बंडल उचललंस, नखानं खरवडलंस आणि म्हणालास, "काऊन गा, पक्क्या तांब्याची नाई का तुयापाशी?" मी विचारलं, मोटर भरायची आहे का. "मोटर कायची भरतो, जपानशी बोलाचं हाये." मग मी काउंटरच्या खालून माझा रेडिओचा परवाना काढून तुझ्यापुढे ठेवला. तू तो उलटा-सुलटा पाहिलास आणि इतका मोठ्यानं हसलास, की शेजारचा कापडवाला दुकान सोडून पाहायला आला. अख्ख्या जिल्ह्यात आपल्यासारखे दोघंच वेडे असतील असं तेव्हा वाटलं होतं. नंतर अजून दोनचार सापडले, पण ते तुझ्याइतके वेडे निघाले नाहीत.

तुझं गाव देवरीच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. घरचं धान, घरचा भात कांडायचा हलर, आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, एक आडदांड मोहाचं झाड. झाडाच्या शेंड्याला एक कप्पी, त्याच्या समोर लोखंडी पाइपांचा तेवढाच उंच खांब, त्यालाही कप्पी. दोन्हींच्या मधे तुझी तार. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मान दुखेपर्यंत वर पाहत होतो. गावातले लोक पत्ता सांगताना तुझं घर सांगत नसत, तार सांगत.

एवढी उंच तार घेऊन तू संध्याकाळी जपानशी बोलायचास. तिकडे एक म्हातारा होता, धान पिकवणारा. त्याचं इंग्रजी मोडकं आणि तुझं त्याहून मोडकं, पण रोवणी कधी केली, पाणी किती ठेवलं, कीड कोणती लागली, हे सगळं तुम्हा दोघांना बरोबर समजायचं. सायबेरियातल्या कुणालातरी तू आपल्याकडच्या उन्हाची धमकी द्यायचास. आणि मी, गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या माझ्या घरात, सत्तर किलोमीटरवर, बटणं फिरवून फिरवून बेजार. तुझा आवाज म्हणजे कुणीतरी विहिरीच्या तळाशी बसून कुजबुजतंय असा. कधी तेवढाही नाही.

मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तार खाली घे. तुझ्या ओसरीत बसून, पहिल्याच भेटीत, हातात सुशीला वहिनींनी दिलेला चहाचा कप असताना सांगितलं होतं. तुला शेतातलं उदाहरण दिलं होतं. पंपाच्या पाइपाचं तोंड सरळ वर धरलं तर पाणी वर जाऊन आपल्याच आजूबाजूला पडतं, आणि तिरकं धरलं तर लांबच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पडतं, जवळची बांधी कोरडी. तार जमिनीच्या जवळ असली की आवाज सरळ वर आभाळात जातो आणि आपल्या दोनतीन जिल्ह्यांवर उतरतो. उंच चढवली की तो तिरका निघतो, जपानात उतरतो, आणि कुडवा कोरडा राहतो. तू सगळं ऐकून घेतलंस. कप खाली ठेवलास. म्हणालास, "बराबर हाये. पन तार खाली येनार नाई."

का, म्हणून विचारलं तर तुझं ते वाक्य. किती वेळा ऐकवलंस मला ते. "जेथ बस जाते थेथ रेडिओ कायले?"

तुझ्या मते गोंदियाशी रेडिओवर बोलणं म्हणजे शेजारच्या घरी तार पाठवणं. गोंदियाला जायचं तर देवरीपर्यंत काळीपिवळी जीप आहे, पुढे बस आहे, येऊन माझ्या घरी जेवता येतं, भांडता येतं. रेडिओ त्या माणसांसाठी, ज्यांच्या दारात आपण कधीच उभे राहणार नाही. आणि तू खरंच यायचास. महिन्यातून एकदा तरी देवरीची बस पकडून यायचास, पिशवीत पोहे नाहीतर मोहाची फुलं घेऊन, आणि दारातूनच भांडण सुरू करायचास. माझी बायको म्हणायची, हे दोघं एकमेकांना रेडिओवर ऐकू आले असते तर घरात जरा शांतता असती.

करंटच्या बाबतीत मात्र तू मला चारीमुंड्या चीत केलंस. ते मी तेव्हाही कबूल केलं होतं आणि आताही करतो, कारण ते खरं होतं. तू उंचीचा दिवाणा होतास, पण करंटचं तुला जे समजायचं ते मला पुस्तकं वाचूनही समजलं नव्हतं.

माझा प्लॉट चिमणीएवढा. पूर्ण लांबीची तार बसवायची तर एक टोक शेजाऱ्याच्या संडासावर बांधावं लागलं असतं. म्हणून मी स्लॅबवर दोन बांबूंमधे अर्ध्या लांबीची तार लावली आणि उरलेली लांबी भरून काढायला मधोमध, केबल जोडतात तिथंच, दोन्ही बाजूंना तारेची दोन वेटोळी बसवली. माझ्या मते काम चोख होतं. तू स्लॅबवर चढलास, कमरेवर हात ठेवून पाहिलंस आणि म्हणालास, "हे का करून ठेवला बे?"

मग तू खिशातून टॉर्चचा बल्ब काढलास. त्याला तारेचा एक गोल फेर जोडलेला. तुझ्याबरोबर असल्या वस्तू नेहमी असायच्या, जसे दुसऱ्यांच्या खिशात तंबाखू असते. दिवेलागणीची वेळ होती. मला खाली सेटची चावी दाबायला पाठवलंस आणि तू स्टुलावर उभं राहून तो बल्ब तारेच्या बाजूनं सरकवू लागलास. मग मला वर बोलावलंस आणि माझ्या बायकोला चावी दाबायला बसवलंस. ती आमच्या पोळ्या करत होती, पिठाच्या हातानं येऊन बसली. वेटोळ्याजवळ बल्ब लख्ख पेटला होता. थोडा बाहेर सरकवला की पिवळा. आणखी बाहेर, लाल. तारेच्या अर्ध्यापर्यंत पोचेपर्यंत विझला.

"पाह्य," म्हणालास. "करंट जेथ वाहते थेथूनच आवाज निघते. तू सगळा करंट मधात कोंबून ठेवला. बाकीची तार फुकट लटकून राह्यली."

मी म्हणालो, टोकाला करंट शून्यच होणार, तिथं जायला जागाच कुठे आहे त्याला.

"मंग जागा दे ना त्याले."

दुसऱ्या दिवशी तू गोंदियाच्या एका सायकलवाल्याकडून दोन जुन्या रिमा आणल्यास. वेटोळी मधून काढून दोन्ही बाजूंना तारेच्या अर्ध्यावर नेलीस, आणि टोकांना त्या रिमा जोडल्यास. करंटला टोकाशी पसरायला जागा झाली. मग पुन्हा स्टूल, पुन्हा बल्ब. मधल्या जोडापासून वेटोळ्यापर्यंत बल्ब जवळपास सारखाच पेटलेला राहिला, आणि त्याच्या पुढेही रिमेच्या जवळ जाईपर्यंत विझला नाही. मी स्वतः तो हातात धरून नेला. लांबी तीच, बांबू तेच, सेट तोच. त्या संध्याकाळी छिंदवाड्याच्या माणसानं विचारलं, आज काय नवीन मशीन घेतलं का.

कॉलनीत मात्र माझी शोभा झाली. स्लॅबवर दोन सायकलच्या रिमा लटकताना पाहून येणारा जाणारा विचारायचा, 'भैया, बाकी साइकिल कहाँ है?' तू गेल्यावरसुद्धा परवा एकानं विचारलं. मी म्हणालो, बाकीची सायकल देवरीला आहे. त्याला काही समजलं नाही, आणि समजावं असं मलाही वाटलं नाही.

तर करंटचा वाद तिथं मिटला. उंचीचा मिटला नाही. चोरखमाऱ्याला गेलो होतो ते आठवतं ना. तलावाच्या पाळीवर जाऊन सोक्षमोक्ष लावू, असं मीच म्हणालो होतो. आधी दोन ठेंगण्या बांबूंवर तार बांधली, तर नागपूर, बालाघाट, भंडारा, सगळे असे बोलत होते जसे बाजूला चटईवर बसलेत. मग तीच तार झाडावर चढवली. नागपूर गेलं, भंडारा गेलं, आणि कुठलातरी इंडोनेशियाचा माणूस आला. माझ्या दृष्टीनं निकाल लागला होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू इंडोनेशियाशी बोलत होतास. बोलणं झाल्यावर डबा उघडलास आणि म्हणालास, "पाह्यला? उंचीची कमाल." मी तुझ्या अंगावर पाण्याची बाटली रिकामी केली. एवढ्या शहाण्या माणसाला इतकी सोपी गोष्ट मान्य करायला काय होत होतं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. समजत नव्हतं असं तर नाहीच. तुला ती माझ्यापेक्षा चांगली समजत होती.

मधल्या काळात मोबाईल आले. माझ्याच दुकानात लोक रिचार्ज मारायला यायला लागले आणि मलाच शहाणपण शिकवायला लागले, की आता त्या डब्ब्याचं काय काम. तुझ्या गावात रेंज फक्त शाळेच्या टेकाडावर मिळायची. तू तिथं चढून एकदा मला फोन केलास, फक्त हे सांगायला की यात मजा नाही. कुणीतरी दुसऱ्यानं उभारलेल्या टॉवरवरून बोलण्यात कसली मर्दुमकी, असं तुझं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

मग हा यंदाचा पावसाळा आला.

तुझे पाय सुजायला लागले, दम लागायला लागला, आणि गोंदियाच्या डॉक्टरनं तुला खाटेवर बसवलं. हृदय थकलंय म्हणाला. प्रवास बंद, चढण बंद. मी म्हणालो, तू नको येऊ, मीच येतो. आणि त्याच आठवड्यात दुकानात वरच्या फळीवरून पंख्याचं खोकं काढताना स्टूल सरकलं आणि माझ्या मांडीचं हाड मोडलं. सळई घातली, आणि मीही खाटेवर. देवरीची बस रोज माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरून जात होती. मला तिचा हॉर्न ऐकू यायचा.

मी खाटेजवळ सेट मांडून घेतला होता, वेळ जावा म्हणून. एका सकाळी, न्याहारी झाल्यावर, दहाच्या सुमाराला, मी उगाच तुझ्या नावानं हाका मारत होतो. काही येणार नाही हे माहीत होतं. आणि तुझा आवाज आला. विहिरीतून नाही, कुजबुज नाही. तू खोकलास तेसुद्धा स्वच्छ ऐकू आलं. मागे कोंबडा आरवला तोही आला. माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं तू दारात उभा आहेस.

मी म्हणालो, हे काय केलंस?

"दोन पाइप आनखी चढवले," म्हणालास. "भाच्यानं चढवले. म्हनलो होतो ना मी, उंची पायजे."

मी म्हणालो, शक्यच नाही.

"शक्य नाई त मंग ऐकून काऊन राह्यला?"

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत, रोज सकाळी. आपण जन्मात जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या पावसाळ्यात बोललो. धान, मुलं, डॉक्टर, तुझ्या औषधांची कडू चव, माझी सळई, कोण मेलं, कोणाचं लग्न, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत यंदा कोणतं नाटक येणार. हे सगळं तू आधी कधी रेडिओवर बोलला नसतास, बसनं येऊन बोलला असतास. आणि रोज शेवटी तुझं एकच. "आवाज कसा?" मी खरं ते सांगायचो, कानाला पाच, जोराला नऊ, म्हणजे याहून चांगला नसतो. "मंग मान." आणि मी म्हणायचो, मानत नाही.

पण खरं सांगतो, मी आतून हललो होतो. खाटेवर पडल्या पडल्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर मी आकृत्या काढायचो. उंच तार, तिचा आवाज कुठे जातो, कुडव्यात का उतरत नाही. सगळं बरोबर होतं आणि तुझा आवाज तरीही येत होता. इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगितलं की काय, असं वाटायला लागलं. नागपूरच्या म्हातारबुवांना विचारलं, तेही कोड्यात पडले.

आपलं शेवटचं बोलणंही तसंच संपलं. तुझा आवाज दमलेला होता, पण साफ होता. "मंग मान." "मानत नाही." तू हसलास, हसताना खोकला आला, आणि उद्या पाहू म्हणालास. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी हाका मारल्या. अकरा वाजता मारल्या. संध्याकाळी तुझ्या भाच्यानं टेकाडावर चढून फोन केला. तोवर सगळं आटोपलं होतं.

तेरवीला मी काठी टेकत देवरीच्या बसमधे चढलो. डॉक्टर नको म्हणाला होता. तुझ्या घरी माणसांची गर्दी, ओसरीत पंगत, धान कापायला आलेलं म्हणून अर्धे लोक उठायच्या घाईत. मोठे भाऊ मला जेवूही न देता सांदवाडीत घेऊन गेले. "आता हा पाइप कायले पायजे? एखाद्या दिवशी ईज पडंल घरावर. बोअरले कामी येते. तुमालेच समजते, तुमीच उतरवा."

मी मान वर केली. सवयीनं. मोहाच्या शेंड्याला कप्पी होती. खांबाच्या टोकाला कप्पी होती. मधे तार नव्हती. नवे दोन पाइप कुणी चढवलेले नव्हते, खांब होता तेवढाच होता. मला वाटलं आधीच कुणीतरी उतरवली. मग नजर खाली आली. तार होती. गोठ्याच्या वळचणीच्या जरा वर, तनसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावरून, एका दोरीपासून दुसऱ्या दोरीपर्यंत सरळ ताणलेली. मी हात उंचावून काठी लावली असती तर लागली असती.

मी तिथंच तनसीवर बसलो. भाऊंना वाटलं पाय दुखला. सुशीला वहिनी पाणी घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, ही खाली कधी आली?

"तुमचा पाय मोडला ना भाऊजी, थ्याच हप्त्यात," म्हणाल्या. "मीच उतरवली. हे ओसरीतून खाटेवरून सांगत, थोडी ढील दे. मंग इकडची दोरी सोडू, मंग तिकडची सोडू. आनखी दे म्हनत. तुमी कुडव्यातून हाका मारून राह्यले होते, थे डब्ब्यात कुनकुन ऐकू ये. जशी तार खाली आली तसा तुमचा आवाज मोठा झाला. असा आला जसे तुमी ओसरीतच बसले. मंग हे म्हनले, बस. तेथीच बांध. मी गाठ मारली."

मी पाणी बाजूला ठेवून ती गाठ पाहत बसलो.

"म्हनलं मी त्याईले, तुमचा जपानवाला बुढा आता येत नाई. त म्हनले, थो धडधाकट हाये. आपला बुढा कुडव्यात पाय मोडून पडला." मग त्या पदर सावरून म्हणाल्या, "आन् मले सांगून ठेवलं, मनोहरले बोलजो नोको. समजलं त मरेपर्यंत मिरवंल थो."

ऐकलंस? मिरवीन असं म्हणालास ना माझ्याबद्दल. अरे, मिरवणार नाही तर काय करणार. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी भांडलो ती तू करून बसलास, करून तिचा फायदा उठवलास, आणि वर रोज सकाळी मलाच म्हणत होतास, मान. मी खाटेवर पडून माझीच आकडेमोड खोडत होतो, आणि तू तिकडे तोंड दाबून हसत असशील. एकदा तरी सांगायचं होतंस. मला तुझा इतका राग आला, की भर तेरवीत तुझ्या सांदवाडीत बसून मी ओक्साबोक्शी रडलो. तुझ्या जपानवाल्याची संध्याकाळ तू सोडलीस, कुणासाठी, तर सत्तर किलोमीटरवरच्या, बस जाते तिथल्या माणसासाठी. कारण बस जात होती आणि आपण दोघंही तिच्यात चढू शकत नव्हतो. एवढं सरळ होतं ते. एवढं सरळ बोलता आलं नाही तुला.

मोठे भाऊ म्हणाले, चला, दिवस मावळायच्या आत उतरवून टाकू.

मी उठलो आणि म्हणालो, मी उतरवणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला उतरवू देणार नाही. आवाज चढला होता माझा, ओसरीतले लोक वळून पाहायला लागले. भाऊ म्हणाले, तुमी कोन म्हननारे? बरोबरच होतं त्यांचं. मी कोण? पण वहिनी मधे आल्या. "खांब माह्या घरचा हाये, भासरेजी," एवढंच म्हणाल्या, अगदी हळू. भाऊ पाय आपटत पंगतीकडे गेले.

मग माझ्या डोक्यात आलं, की ही तार तुझ्या मानाखातर वर चढवावी. पुन्हा शेंड्याला. गावानं पुन्हा मान दुखेपर्यंत पाहावी. तुझी निशाणी ती. मी काठी टाकली, दोरी हातात घेतली आणि वहिनींनी मारलेली गाठ सोडायला लागलो.

त्यांनी माझा हात धरला. "वर गेल्यावर सकाळचा तुमचा आवाज येईन का मले?"

मी खोटं बोलू शकलो नाही. नाही म्हणालो. नीट नाही येणार.

"मंग राहू द्या. मी रोज ऐकतो ना. दहा वाजता डब्बा सुरू करतो. बोलता येत नाई, परवाना नाई, पन ऐकतो." मग म्हणाल्या, "परवा तुमी नेटवर त्या लोकाईले बोलले थे बी ऐकलं. चांगलं केलं."

गाठ मी पुन्हा आवळली. त्यांनी मारली होती तशीच, त्याच खिळ्याला. वीज जमिनीत नेणारी तार नवी जोडून दिली, ढग आले की केबल कशी काढायची ते दाखवलं, म्हणजे भाऊंना बोलायला जागा राहायला नको. निघताना वहिनी काळीपिवळीपर्यंत आल्या आणि विचारलं, की त्या परवान्याच्या परीक्षेत काय काय विचारतात. मी म्हणालो, पहिला प्रश्न उंचीचा असतो. त्या तुझ्यासारख्याच हसल्या.

तर असं आहे, टेकचंद. आज सकाळी नेटवर मी सगळ्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. तार किती खाली होती, कोणी उतरवली, आणि तू पाइप चढवल्याच्या किती थापा मारल्यास. नागपूरचे म्हातारबुवा हसले. तुझं नाव हजेरीतून काढू का, असं त्यांनी नंतर विचारलं. मी म्हणालो, हात लावाल तर याद राखा.

तुझ्याच नियमानं पाहिलं तर मी आता तार उंच चढवायला हवी. तू गेलास तिथं कुठलीच बस जात नाही. पण नाही चढवणार. कुडव्यात माझी तार खाली आहे, तुझ्या गावात तुझी तार खाली आहे, उद्या दहा वाजता मी बोलणार आहे आणि वहिनी ऐकणार आहेत. तुला ऐकायचं असेल तर ओसरीत येऊन बस. आवाज कसा येतो ते तुला माहीत आहे.

आता तू मान.